घागर बुडवणारा पक्षी

सईदाला खरं तर फोटो हवा होता, आवाज नव्हे. नेकनूरला एका जुन्या कवीच्या नावाच्या चौकाचं उद्घाटन होतं; तिथं आपल्या भाषणाच्या वेळी पडद्यावर दाखवायला माळढोकाचा एखादा बरा फोटो मिळतो का, म्हणून ती सकाळी ओट्यापाशी उभी राहून मोबाईल चाळत होती. एकीकडं गॅसवर चहा होता. बोट भलतीकडंच पडलं आणि एक व्हिडिओ सुरू झाला. वाळलेल्या गवतात ताठ मानेचा उंच पक्षी. गळ्याखालची पांढरी पिशवी फुगत फुगत जवळपास जमिनीला टेकली आणि तिच्यातून आवाज निघाला. जड, पोकळ, खोलातून आल्यासारखा. जरा थांबून पुन्हा तसाच.

बाहेरच्या खोलीत तिचा नवरा गुफरान गॅरेजला जायच्या गडबडीत बूट शोधत होता. तो तिथूनच ओरडला, "पानी आया क्या? हौद में घागर कौन डुबोरा?"

सईदा तशीच उभी राहिली. चहा उतू जाऊन गॅस विझला, तरी तिला कळलं नाही.

"क्या हुआ?" गुफरान दारात आला.

"काही नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुला घागरच वाटली?"

"और क्या?" म्हणत त्यानं बटण बंद केलं आणि फडकं उचललं.

त्या बिचाऱ्याला काय माहीत की बायकोनं याच घागरीवर पाच वर्षं घालवून डॉक्टरेट मिळवली होती.

प्राध्यापक सईदा मुनव्वर. मुनव्वर हे तिच्या वडिलांचं नाव. बीडच्या भाजी मंडईत त्यांचा फळांचा गाडा होता आणि पोरगी मराठीची प्राध्यापक झाली याचं त्यांना शेवटपर्यंत अप्रूप वाटायचं. सईदा रोज बीडहून वडवणीला एस.टी.नं जायची आणि तिथल्या कॉलेजात मराठी शिकवायची. तिच्या प्रबंधाचा विषय होता नेकनूरचे कवी वीरभद्र यांची एकच गाजलेली कविता, 'माळढोकास'. वीरभद्रअप्पा कापडाचे व्यापारी. निजामाच्या राज्यात मराठी कविता छापायची कुठं, म्हणून त्यांनी ती पुण्याच्या एका मासिकाकडं पाठवली आणि ती छापून आली. त्यातल्या चार ओळी जिल्ह्यातल्या बहुतेक शिकलेल्या माणसांना पाठ होत्या:

माळ उजाडे, कुसळ पिकुनिया भूमी पिवळी झाली
मान उभारुनि कोण एकला उभा असे या काळी?
घागर बुडता डोहामध्ये जैसा उठतो नाद
तसा घुमे तो, दिशा दिशांतुन कोणि न दे पडसाद

कविता छापून आल्यावर दोन-तीन महिन्यांतच पुण्यातल्या एका नामांकित टीकाकारांनी तिची हजेरी घेतली. त्यांनी लिहिलं की, आमचे नवे कवी इंग्रजी पुस्तकांतले पक्षी उसने आणतात. इंग्रजांचा पक्षी निदान आभाळात उडून गातो, मोगलाईतला हा पक्षी मात्र उभ्या उभ्या घागरी बुडवतो. असा पक्षी असतो तरी कुठं? हा पक्षी म्हणावा की पाणक्या? सगळ्या महाराष्ट्रात हशा पिकला. वीरभद्रअप्पांनी त्यानंतर एकही कविता लिहिली नाही.

पुढं तीस-पस्तीस वर्षांनी काळ पालटला. औरंगाबादच्या एका प्राध्यापकांनी ती कविता धूळ झटकून बाहेर काढली आणि सांगितलं की, हा पक्षी मुळी पक्षीच नाही. निजामी राजवटीत गुदमरलेली मराठवाड्याची रयत ती हीच. घागर बुडते म्हणजे रयत बुडते, आणि कोणी पडसाद देत नाही म्हणजे उरलेला महाराष्ट्र कानात बोळे घालून बसला आहे. कविता अभ्यासक्रमात आली. परीक्षेत प्रश्न यायला लागला. सईदाचे मार्गदर्शक याच प्राध्यापकांचे शिष्य, आणि सईदानं तोच धागा पुढं नेला. तिचा प्रबंध पुस्तकरूपानं निघाला तेव्हा सभांमधून तिचं कौतुक झालं. "मुस्लिम असूनही निजामाबद्दल इतकं परखड लिहिलं," असं एका वक्त्यानं व्यासपीठावरून म्हटलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. सईदानंही हसून हात जोडले होते. त्या 'असूनही'चं कुसळ मात्र पायमोज्यात शिरल्यासारखं कुठंतरी टोचत राहिलं होतं.

आणि आता गुफराननं, ज्यानं आयुष्यात एक कविता धड वाचली नव्हती, ती उपमा जशीच्या तशी म्हणून दाखवली होती.

त्या दिवशी वर्गात तिचं लक्ष लागेना. एस.टी.त तिनं कानात इअरफोन घालून तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला. घागर तिरपी होते, पाणी आत शिरतं, हवा बाहेर फेकली जाते, आणि भरत आल्यावर एकदा खोल हुंकार. अप्पांनी मोजून-मापून लिहिलं होतं. पुण्याच्या टीकाकारांनी पक्षी नाहीच म्हणून सांगितलं, नंतरच्यांनी पक्षी असला तरी तो पक्षी नाही म्हणून सांगितलं. शंभर-सव्वाशे पानं तिनं स्वतः लिहिली, त्यात माळढोकाच्या आवाजाबद्दल एक ओळ नव्हती. तिला बसमध्ये बसवेना. खिडकी उघडली तर धूळ, लावली तर गुदमरायला होई. शेजारची बाई म्हणाली, "बाई, उलटी होतीया का? पिशवी देऊ?"

रविवारी ती चकलांब्याला गेली. वीरभद्रअप्पांची मुलगी शांतादेवी तिथं आपल्या मुलाकडं राहत होती. प्रबंधाच्या वेळी सईदानं तिची भेट मागितली होती, पण म्हातारी तेव्हा आजारी होती आणि मार्गदर्शक म्हणाले होते, जाऊ द्या, घरच्या माणसांच्या आठवणींनी समीक्षा होत नाही.

नवं कोरं स्लॅबचं घर, पुढं पाण्याच्या जारचा धंदा. गाड्यांवर जार चढत होते, त्यांचा नुसता धडाधड आवाज. आत लोखंडी कॉटवर नव्वदी ओलांडलेल्या शांतादेवी परातीत शेंगा फोडत बसल्या होत्या. नजर अधू होती पण बोटं झपाझप चालत होती.

"कोन गं? बीडची का?"

"हो आजी. अप्पांच्या कवितेबद्दल विचारायचं होतं."

"आता? अप्पा मरून किती वर्सं झाली, आता इचारतीस?" पण त्यांनी परात सरकवून तिला कॉटवर जागा दिली. "बस. शेंगा फोडता येत्यात का? फोड मंग."

सईदानं शेंगा फोडायला घेतल्या. काय विचारायचं ते नीट जुळवून आणलं होतं, ते सगळं विस्कटलं. तिनं एकदम विचारलं, "आजी, तुम्ही माळढोक बघितला होता?"

"बगितला म्हंजे? खांद्यावर बसून गेलते मी अप्पाच्या. नेकनूरच्या वर माळ हाय ना, तिकडं. मोठं पाखरू. अप्पा मला म्हणायचा, हलू नगंस, शिंकू नगंस. मला तर शिंकच यायची." त्या हसल्या. "घुमायला लागलं की हितं कळायचं." त्यांनी हात छातीवर न ठेवता पोटावर ठेवला.

"मग पुण्याच्या मासिकात ते छापून आलं..."

"ते मास्तरनं दुकानात आणून मोठ्यानं वाचलं. गिऱ्हाइकं हासली. अप्पाबी हासला. म्हणला, त्यांच्या गावात माळ न्हाई, त्यांनी कुठनं ऐकावं? त्यांना बोलवू. सांगावा धाडला पुण्याला, या म्हणून. पाहुणा येणार म्हणून बैलगाडीला नवी छपरी करून घेतली. आईला म्हणला, पुण्याच्या लोकास्नी आपलं तिखट सोसायचं न्हाई, बेतानं घाल."

"आले ते?"

"कोन येतंय! आमी आपली वाट बगतोय. कुसळं पिकली, झडली. पाखरू घुमून घुमून गप झालं. मंग ती छपरी सोयरिकीच्या गाडीला लावली."

"आणि अप्पांनी लिहायचं सोडलं. रागानं?"

"राग न्हाई गं. त्येची मजाच गेली. माळावर मातुर जायचा. त्ये न्हाई सोडलं."

सईदाच्या हातातली शेंग तशीच राहिली. ज्या प्रश्नासाठी ती आली होती तो आता विचारायची तिला भीती वाटत होती. तरी विचारला. "आजी, त्या पक्ष्यात अप्पांना आपली माणसं दिसायची का? निजामाच्या जुलमातली?"

"निजामावर चिडायचा की. शाळंत मराठी न्हाई म्हणून लई चिडायचा. पन..." म्हातारीनं दुसरी शेंग उचलली. "मला कसं कळावं, लेकी? मी सात-आठ वर्सांची पोर. त्येच्या मनात काय व्हतं ते त्यो आन् पाखरू जाणे."

बसला अजून वेळ होता तरी सईदा तिथून उठली. तिला सरळ उत्तर हवं होतं. हो तरी, नाही तरी. दोन्ही मिळालं नव्हतं. स्टँडवर ती येरझाऱ्या घालत राहिली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नेकनूरला समितीची बैठक होती. वीरभद्रअप्पांचा नातू अण्णाराव हा समितीचा अध्यक्ष. गावात त्याचं हार्डवेअरचं मोठं दुकान, आणि आजोबांच्या नावाचा चौक व्हावा म्हणून त्यानं किती खेटे घातले ते गावाला माहीत होतं. चौकातला काळा फलक तयारच होता. त्यावर सोनेरी अक्षरांत कोरलेलं होतं: 'पारतंत्र्याच्या माळावर स्वातंत्र्याची गर्जना करणारे क्रांतिकवी वीरभद्र'. खाली त्या चार ओळी, आणि त्याखाली सईदाच्याच पुस्तकातलं एक वाक्य.

"मॅडम, कसं वाटतंय?" अण्णाराव फलकावरची धूळ बाहीनं पुसत म्हणाला. "आज्या माजा, लोकं म्हणायची कापडवाला कवी. आता म्हणा म्हणावं."

"अण्णाराव, उद्या मी जरा वेगळं बोलणार आहे," सईदा म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं. व्हिडिओ, घागर, शांतादेवींची भेट. बोलता बोलता तिचा उत्साह वाढत गेला. अण्णारावचा चेहरा मात्र उतरत गेला.

"म्हंजे नुसतं पाखरू?" तो म्हणाला.

"नुसतं नाही. त्यांनी जे ऐकलं ते इतकं अचूक लिहिलं की..."

"पाखरासाठी चौक कोन देतंय, मॅडम?"

समितीचे सचिव मोहनराव, निवृत्त मुख्याध्यापक, शेजारीच उभे होते. ते घसा खाकरून सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही विद्वान आहात, मी काय सांगणार? पण उद्या लोक म्हणतील, बाईंनी निजामाला कवितेतून अलगद बाहेर काढला. तुमचं नाव बघतील आणि म्हणतील. माझं ऐका, छापलंय तेवढंच बोला."

सईदाला आठवलं, निजामाला कवितेत आणलं तेव्हाही याच लोकांनी नाव बघितलं होतं. म्हणजे आत घेतला तरी नाव, बाहेर काढला तरी नाव. तिला काहीतरी कडक बोलायचं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "सर, मी निजामाला कुठं बाहेर काढतेय? मी पक्ष्याला आत घेतेय."

मोहनराव हसले, मान हलवली आणि चहा मागवला.

घरी तिनं गुफरानला सांगितलं. वाटलं होतं तो म्हणेल, कशाला नसत्या भानगडीत पडतेस. तो नखातलं ग्रीस काढायला लागला. मग म्हणाला, गिऱ्हाईक सांगतं इंजिनात खराबी आहे, मी ऐकतो तर आवाज चाकातून येतोय. तर मी इंजिन खोलत बसू का? सईदा म्हणाली, इतकं सोपं नाही ते. कदाचित दोन्हीकडं असेल. "तो दोनों खोलो," असं म्हणून तो हात धुवायला गेला.

कार्यक्रमाला गर्दी बरी होती. चौकात मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, शाळेच्या मुली एकसारख्या साड्यांत. शांतादेवींना जीपमधून आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं, अंगावर नवी शाल. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. सत्कार झाले, नारळ झाले, पडदा बाजूला सारून फलक उघडला. मग सईदाचं नाव पुकारलं.

तिच्या हातात आधीच टाइप केलेलं, पुस्तकातलंच भाषण होतं. पहिलं पान तिनं वाचलं. दुसऱ्या पानावर आली आणि थांबली. समोर मोहनराव मान डोलावत होते.

तिनं कागद बाजूला ठेवले. "पुण्याचे टीकाकार म्हणाले, असा पक्षी नाहीच," ती म्हणाली. "नंतर आम्ही म्हणालो, पक्षी म्हणजे रयत. रयत गुदमरलेली होती हे खरं आहे, आणि कवीला ते जाणवत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण त्याआधी इथं एक पक्षी होता. इथनं वर, माळावर. वीरभद्रअप्पांनी तो ऐकला आणि जसा ऐकला तसा लिहिला. तो कसा घुमायचा ते तुम्हीच ऐका." आणि तिनं मोबाईल माईकला लावला.

आधी कर्ण्यांतून खरखर आली. मग तो आवाज असा काही फाटून निघाला की पुढच्या रांगेतली पोरं कान धरून खिदळायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "ए माईकवाल्या, बघ बे, जळालं काय तुजं!" माईकवाला धावत येऊन बटणं पिळायला लागला. सईदानं पुन्हा लावला. आता आवाज इतका बारीक झाला की कबुतर घुमल्यासारखं वाटलं. प्रमुख पाहुण्यांनी घड्याळाकडं पाहिलं. मोहनरावांनी चिठ्ठी पाठवली: आवरा.

सईदानं आवरलं नाही. त्या चार ओळी तिनं सावकाश म्हटल्या, 'घागर'वर थांबली, आणि म्हणाली, "हे शब्द पुण्यात हसण्यावारी गेले. पण अप्पांनी त्या टीकाकारांना शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी त्यांना गावी बोलावलं, बैलगाडीला छपरी करून वाट बघितली. माझ्या मते क्रांतिकवी म्हणण्यापेक्षा हे मोठं आहे." टाळ्या पडल्या, पण थोड्या आणि चुकत-माकत. अण्णारावनं टाळी वाजवली नाही.

खाली उतरल्यावर ती शांतादेवींपाशी वाकली. "आजी, ऐकलंत?"

"ऐकलं," म्हातारी म्हणाली. "लई बारीक हाय. त्यो असा न्हवता."

दुसऱ्या दिवशी बातमी आली. मथळा होता: 'माळढोकाच्या रूपाने निजामाला ललकार, प्रा. सईदा यांचे प्रतिपादन'. बातमीदार बहुधा पहिलं पान ऐकून जेवायला गेला असावा. मार्गदर्शकांनी अभिनंदनाचा निरोप पाठवला. त्याच संध्याकाळी तिनं माईकला मोबाईल लावल्याची चित्रफीतही गावोगाव फिरली, खाली हसण्याच्या खुणा. एकानं तिच्या नावावरून तेच लिहिलं होतं जे मोहनराव म्हणाले होते, फक्त तितकं सौम्य नव्हतं. सईदानं मोबाईल बंद करून उशीखाली ठेवला, थोड्या वेळानं काढून पुन्हा वाचला. शाबासकी मिळाली ती जे बाजूला ठेवलं त्याची, आणि शिवी मिळाली ती न बोललेल्याची. खुलासा पाठवावा म्हणून ती दोनदा बसली आणि दोनदा उठली. गुफरान म्हणाला, झोप. झोप कुठली?

असाच आठवडा गेला. वडवणीचा बाजार होता, रस्त्यावर कांद्याच्या गोण्या आणि शेळ्या. कॉलेज सुटून ती स्टँडवर आली तर बाकावर अण्णाराव बसलेला. तिला पाहून उठला. ती मनात तयारीला लागली.

"मी लई रागावलतो तुमच्यावर," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"फलक बदलणार न्हाई मी. आधीच सांगतो."

"नका बदलू. राहू द्या."

तिनं भांडण न केल्यामुळं तो जरा गोंधळला. चष्मा काढून पुसला. "एक इचारायचंय. आमचा आज्या म्हंजे वारभर कापडात बोटभर इकडं-तिकडं होऊ न देणारा माणूस. बाप सांगायचा, गिऱ्हाईक आलं की जेवणावरनं उठायचा. आन् त्यो माणूस दुकान सोडून रोज माळावर? पाखराकडं बघायला? कशापायी जात असंल, मॅडम?"

सईदानं तोंड उघडलं. निसर्गप्रेम, एकाकीपण, प्रतीक, प्रतिकार, सगळे शब्द ओळीनं जिभेवर येऊन उभे राहिले. तिनं ते तसेच गिळले.

"मला नाही माहीत, अण्णाराव."

"मला वाटलं तुमाला म्हाईत असंल." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं. मग इकडंतिकडं बघून, काही चोरून केलं असावं तसा तो हळूच म्हणाला, "मी काल गेलतो वर."

"माळावर?"

"हां. सगळा जन्म खाली गेला, वर कधी गेलोच न्हाई. कामच न्हाई तर कशाला जायचं? पवनचक्क्या हायत आता तिकडं. त्येंचाच आवाज. पाखरू-बिखरू कुठलं! दोन हरणं दिसली. एक खडक हाय, त्याच्यावर बसलो."

"किती वेळ?"

"काय की." तो ओशाळून हसला. "दुकानाचं शटर उघडायचंच इसरलो. पोरांनी धा फोन केले, खिशात वाजतोय तरी कळलं न्हाई."

बीडची गाडी लागली. माणसं दाराशी गोळा झाली, कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. सईदा दोन पावलं गाडीकडं गेली आणि वळली.

"वाट कुठनं आहे वर जायला?" तिनं विचारलं.

"गाडीवाट हाय की, पवनचक्कीवाल्यांनी केलेली. पन तिकडनं नगा. गावाच्या मागं खळं हाय, तिथनं पाऊलवाट फुटती, जरा चढ हाय..." आणि अण्णाराव जमिनीवर बुटाच्या टोकानं वाट काढून दाखवायला लागला. ओढा इथं, बाभळी इथं, खडक इथं. कंडक्टरनं बीड, बीड म्हणून दोनदा हाक दिली. सईदा खाली वाकून बघत होती. तिनं विचारलं, चढ संपल्यावर डावीकडं की उजवीकडं, आणि गाडी निघून गेली.